खोकल्याच्या मॅडम

वसमत तालुक्यातल्या गावांमध्ये मला नावानं कुणी ओळखत नव्हतं. ‘खोकल्याच्या मॅडम’ म्हणायचे. जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली की पोरं ओरडत सुटायची, आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्या मला बरं वाटावं म्हणून उगाच दोनदा खोकून दाखवायच्या. मी श्वसनाच्या संसर्गांवर संशोधन करते, हे समजावून सांगायला सुरुवातीला फार तोंड वाजवलं. एका आजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजी थुंकी गोळा करता. सरळ सांगा की बाई.” त्या दिवसापासून मी तो नाद सोडला.

मी मूळची हिंगोलीचीच. शिकायला बाहेर गेले, डॉक्टर झाले, फुप्फुसांच्या रोगांत पुढचं शिकले आणि मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत लागले. त्या संस्थेनं दोन वर्षांसाठी म्हणून मला माझ्याच जिल्ह्यात पाठवलं. त्या दोन वर्षांची किती वर्षं झाली ते मोजायचं मी बंद केलंय. आई म्हणते, बरं झालं, पोरगी घरी आली. मला विचाराल तर पोरगी अडकली. लग्न झालेलं नाही, घर आईचं, गाव ओळखीचं आणि काम असं की बाहेर कुठं बदली मागितली तर म्हणतात, “तुमच्यासारखं तिथलं बोलणारं दुसरं कोण आहे आमच्याकडं?”

आता खरी गंमत सांगते. मी घरोघर खोकल्याचं विचारायला जायचे आणि लोक मला सोयरिकीचं विचारायचे.

आमच्याकडं स्थळ आलं की चौकशी करतात. पण चौकशी करायची कुणाकडं? शेजारी जळका असतो, गिरणीवाल्याचं वाकडं असतं, आणि नातेवाईक तर विचारूच नका. मी मात्र गावोगाव फिरणारी, चुलीपर्यंत आत जाणारी, आणि त्या गावात कुणाचीच कुणी नसलेली. मग काय, थुंकीची डबी हातात घेता घेता बाई हळूच विचारायची, “मॅडम, आमच्या पोरीला आखाडा बाळापूरकडचं स्थळ आलंय. तुमी हमेशा जाता की तिकडं. घर कसं हाय?”

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी नियमानं वागले. म्हटलं, “मला त्या घराबद्दल काही सांगता येत नाही.” अभ्यासात भाग घेणाऱ्या कुणाबद्दलही बाहेर अवाक्षर काढायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आठवड्याभरानं कळलं, ती सोयरीक मोडली. “मॅडम गप बसल्या म्हंजी त्या घरात काहीतरी हाय.” अहो, त्या घरात काहीच नव्हतं! सगळ्यांची फुप्फुसं ठणठणीत. माझ्या गप्प बसण्यानं एका पोराचं जुळलेलं मोडलं, आणि ते पोरगं मला पुढं एकदा रस्त्यात भेटलं तेव्हा हात जोडून म्हणालं, “मॅडम, आमचं काय चुकलं होतं?”

मी कानाला खडा लावला. त्यानंतर कुणीही विचारलं तरी उत्तर एकच: “घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत.” ज्या घरातल्या सासऱ्यानं माझ्यासमोर सुनेवर काठी उगारली होती, त्या घरालाही मी चांगलं म्हटलंय. पाप लागत असेल तर लागो. एकाला चांगलं म्हटलं आणि दुसऱ्याला नाही, की दुसऱ्याचा रोग जाहीर झालाच म्हणून समजा. सगळ्यांना चांगलं म्हणणं हीच माझी झाकली मूठ होती.

कामाचं म्हणाल तर आमचा प्रश्न साधा होता. वसमतजवळ कुरुंदा गाव, त्या सगळ्या पट्ट्यात हळद. हंगामात हळद शिजते, वाळते, मग पॉलिशच्या ड्रममध्ये फिरते आणि पिवळी धूळ इतकी उडते की संध्याकाळी माणसं भुवयांपर्यंत पिवळी होऊन घरी येतात. खोकतात. कुणाला विचारा, उत्तर ठरलेलं: “हळदीचा खोकला हाय, हंगाम सरला की जातो.” बहुतेकांचा जातोही. ज्याचा जात नाही तो पुढच्या हंगामापर्यंत वाट बघतो, कारण तेव्हा पुन्हा सगळेच खोकत असतात. धुळीचा खोकला कोणता आणि टीबीचा कोणता, हे लवकर कसं ओळखायचं, एवढंच मी शोधत होते. वाचायला सोपं आहे. शोधायला माझी उमेदीची वर्षं गेली.

त्या खोकणाऱ्यांतच ती मला सापडली. पदवी झालेली, चुणचुणीत, हंगामात पॉलिशच्या शेडमध्ये पोत्यांची नोंद करायला जायची. आमच्यासारखंच बौद्ध कुटुंब, थोडी शेती, बाकी मजुरी. तिची थुंकी तपासली आणि जंतू निघाला. मी सांगितलं तेव्हा तिनं रडबिड काही केलं नाही. दाराकडं बघून एवढंच म्हणाली, “बाबाला सांगायचं न्हाई. माझं लग्न व्हायचंय.”

आईला सांगितलं, बापाला नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी मी सर्वेक्षणाच्या नावाखाली करून घेतली. ते सगळे निरोगी निघाले, तेव्हा मलाच हायसं वाटलं. गोळ्या रक्तवाढीच्या आहेत असं बापाला सांगायचं ठरलं. पहिल्याच आठवड्यात, गावात गोळ्या पोचवणाऱ्या आशाताईच्या मोबाईलवरून, तिचा घाबरून फोन, “मॅडम, माझ्या अंगातून हळद उतरून राहिली!” त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, ते सांगायला मी विसरले होते. मी हसले, मग तीही हसली. पोरगी औषधाला पक्की. गोळी चुकवली नाही, अंग धरलं, गालावर रंग आला. अर्धा कोर्स होत आला तेव्हा पुन्हा तपासलं, थुंकीत जंतू नव्हता. तिच्यापासून आता कुणाला धोका नव्हता. फक्त उरलेल्या गोळ्या न चुकता संपवायच्या होत्या. मध्येच सोडल्या तर जंतू पुन्हा माजतो आणि मग साध्या औषधाला जुमानत नाही, हे मी तिला इतक्या वेळा सांगितलं की ती माझ्या आवाजाची नक्कल करून मलाच ऐकवायची.

अशात एके सकाळी आईनं माझ्या नाकासमोर मोबाईल धरला. “बघ बरं, कशी हाय पोरगी?”

माझा धाकटा भाऊ तलाठी आहे. तलाठ्याला स्थळांचा काय तोटा, आईच्या मोबाईलमध्ये पोरींच्या फोटोंची रांग लागलेली असायची. मी चहा पीत मोबाईलकडं बघितलं. तीच, माझ्या गोळ्या घेणारी, हिरव्या साडीत, स्टुडिओतल्या खोट्या कुंडीजवळ उभी होती.

“कुरुंद्याकडची हाय,” आई म्हणाली. “तू तर तिकडंच पडलेली असतीस. घर कसं हाय?”

लोकांना फसवायला केलेलं उत्तर आपल्याच आईला द्यायची वेळ येईल, हे कुठं माहीत होतं? नियमानं बोलायचं तर ‘सांगता येत नाही’ म्हणायचं. पण आई माझी आई आहे. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तिला गावच्या बायांपेक्षा दुप्पट कळतो. मी नुसता कप खाली ठेवला असता तरी ती समजली असती. समजली की मामाला फोन, मामाकडून मामीला, आणि संध्याकाळपर्यंत कुरुंद्याच्या पारावर पोरीचा रोग. मी म्हटलं, “घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत.”

“मग काहून असं तोंड करून राहिलीस?”

“चहात साखर जास्त झालीय.”

आई खूश. तिनं तिथूनच मामाला फोन लावला, “आमची डॉक्टरीण चांगलं म्हणून राहिली.” झालं! आता मी नुसती माहीतगार राहिले नव्हते, मी जामीन झाले होते.

शहरातल्या आमच्या साहेबांना फोन केला. त्यांनी फार समजूतदारपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “तुम्ही त्या कार्यक्रमापासून दूर राहा, एवढंच.” एवढंच! सख्ख्या भावाला पोरगी बघायला थोरली बहीण गेली नाही, तर त्याचा अर्थ काय लावतात हे साहेबांना कुठून कळणार? त्यांच्याकडं लग्नं मोबाईलवर जमतात. मग त्या पोरीशीच बोलायचं ठरवलं. तिनं परवानगी दिली असती तर निदान भावाला एकट्याला बाजूला घेऊन नीट समजावता आलं असतं. पण घरात फोन एक, तो बापाच्या खिशात. एकदा लावला तर बापच बोलला, आणि मी गोळ्यांचं काहीतरी बडबडून ठेवला. आशाताईकडून निरोप पाठवला, फोन कर म्हणून. आला नाही. माझी फेरी त्या गावाला लागायच्या आत बघायचा दिवसही ठरला. आणि बघायला येणारा तलाठी माझा भाऊ आहे, हे तिला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मधोमध उभी.

मी स्वतःशी हिशेब मांडला. पोरगी बरी होत आलीय. भावाला धोका नाही. लग्न ठरलं तरी व्हायला वेळ आहे, तोवर कोर्स संपतो. मग सांगायचं तिचं ती ठरवील. रोग गेला म्हणजे गेला, त्याचं कुंकू करून कपाळावर लावायची काय गरज? तेव्हा हे मला पटलं होतं. आजही पटतं.

आम्ही चौघं गेलो: आई, मामा, भाऊ आणि मी. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं ताजी फुलं, प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारच्या घरातून आणलेल्या. बापानं मला ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला, “अरे, मॅडम तुमच्या घरच्या व्हय! मग काय, आता आमाला चिंताच न्हाई.” तिची आई आतल्या दारात उभी होती. तिनं मला बघितलं आणि पदर तोंडाशी नेला.

ती पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मान खाली. आधी मामाला दिलं, मग आईला, मग भावाला. माझ्यापुढं आली तेव्हा तिनं वर बघितलं. ट्रेमधल्या चमच्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी डोळ्यांनी तिला सांगायला बघत होते, अगं, मी काही बोललेली नाही, घाबरू नकोस. पण डोळ्यांनी एवढं मोठं वाक्य सांगता येत नाही. तिला एवढंच दिसलं की तिचा रोग ठाऊक असलेली बाई नवऱ्या मुलाच्या बाजूला बसलीय.

ती समोरच्या खुर्चीवर बसली. आईनं शिक्षण विचारलं, तिनं सांगितलं. मामानं रीतीप्रमाणं विचारलं, “तुला काही विचारायचं हाय का, बाळा? मनात काही ठेवू नको.”

“विचारायचं न्हाई, सांगायचं हाय,” ती म्हणाली. “मला टीबी हाय. गोळ्या चालू हायेत. या मॅडमच देतेत. त्यायनी तुमाला सांगितलंच असंल. तरी बी तुमी आले, म्हणून म्हन्लं आपणच बोलावं.”

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तिच्या बापानं, माझ्या आईनं, मामानं, भावानं. ती सोडून सगळ्यांनी. मामाच्या हातातली बशी तशीच राहिली, पोह्यांचा घास तोंडात. बाप हळूच म्हणाला, “रक्ताच्या गोळ्या हायेत ना गं त्या?”

कसे उठलो, काय बोललो, धड आठवत नाही. गाडीत मात्र सगळं आठवतं. औंढ्याच्या फाट्याशी आईनं काच वर केली. मग ती बरसली. “तुला ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं आन् तू मला म्हन्लीस, घर चांगलं हाय! परक्या पोरीची लाज झाकायला सख्ख्या भावाला विहिरीत ढकलून राहिलीस?”

“विहीर नाहीये ती. बरी होत आलीय. तिच्यापासून काही होत नाही आता.”

“मग सांगायला काय झालतं तुझ्या तोंडाला?”

“सांगायची मला परवानगी नाही, आई.”

“आईला सांगायला परवानगी लागती का गं?” एवढं म्हणून ती रडायला लागली. मला राग आला होता, तिचा, मामाचा, त्या पोरीचा, साहेबांचा. आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, कारण कुणावरही ओरडायची सोय नव्हती.

घरी आल्यावर भाऊ माझ्यामागं स्वयंपाकघरात आला. पाण्याचा ग्लास भरला, प्यायला नाही. “ताई, मला एकट्याला तरी सांगायचं. मी हो म्हटलं असतं.”

“मग आता म्हण ना,” मी म्हटलं. “आता तर सगळं कळलंय. पोरगी तीच आहे, तितकीच चांगली. लाव फोन, मी देते नंबर.”

त्यानं ग्लास ओट्यावर ठेवला आणि बाहेर गेला. वाईट नाही तो. पण माणूस किती धीराचा आहे ते त्याला स्वतःलाच माहीत नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी आईनं त्यांना फोन करून नकार कळवला. नुसता नकार कळवून थांबेल तर ती माझी आई कसली! माझ्यावरचा डाग पुसायला म्हणून ती वर म्हणाली, “आमच्या पोरीनं आमाला एका शब्दानं सांगितलं न्हवतं बरं का. आमाला तर तुमच्या पोरीच्याच तोंडून कळलं.” तिला वाटलं, लेकीची बाजू राखली. मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या आठवड्यात आशाताईचा फोन आला. पोरीनं गोळ्या बंद केल्या होत्या. जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. बापानं बोलणं टाकलं होतं, आई उठता बसता मारायला धावत होती.

मी गेले. जायचं नव्हतं, तरी गेले. दार तिच्या आईनं अडवलं. शेजारणी भिंतीवरून बघत होत्या, समोरच्या ओट्यावर दोघी तिघी येऊन टेकल्या. गल्लीनं काम टाकून दिलं होतं.

“बरं झालं आल्या,” तिची आई म्हणाली. आवाज मुद्दामच चढा. “एकच इच्यारते. तुमची आई म्हन्ली, तुमी घरात काहीच सांगितलं न्हवतं. खरं हाय का? तुमी सांगितलं न्हवतं आन् हिनं आपल्या तोंडानं आपलं वाटोळं करून घेतलं? मी तर मातीत जाईस्तोवर हिला माफ करनार न्हाई.”

ती आत, पाण्याच्या माठाजवळ भिंतीला टेकून बसली होती. केस विंचरलेले नव्हते. आठवड्यात चेहरा पार उतरला होता. मला बघून म्हणाली, “आई, मी म्हन्लं ना तुला, सांगितलंच होतं त्यायनी. सख्ख्या भावाची गोष्ट. कोन बहीन गप बसंल?” आणि मग माझ्याकडं बघून, आवाज एकदम लहान करून, “व्हय ना, मॅडम?”

ती विचारत नव्हती, पदर पसरत होती. तिला मी सांगितलेलंच हवं होतं. मी सांगितलं असेल तर ती फसवली गेलेली पोरगी होती, मान वर करून बोललेली. मी सांगितलं नसेल तर जुळत आलेलं लग्न तिनं स्वतःच्या हातानं मोडलं होतं, आणि तेही एका गैरसमजापायी, आणि हे तिची आई तिला जन्मभर ऐकवणार होती.

आणि माझं? खरं सांगितलं असतं तर त्याच ओट्यावरच्या बायांनी गावभर सांगितलं असतं, ‘मॅडमनी सख्ख्या आईलासुद्धा सांगितलं न्हाई, बाई पक्की हाय.’ माझं अख्खं काम त्या एका विश्वासावर उभं होतं. तो विश्वास त्या दिवशी मला आयता ताटात वाढून मिळत होता. फक्त हिला त्याच्याखाली दाबावं लागत होतं.

“हो,” मी म्हटलं. “मीच सांगितलं होतं घरी. माझा सख्खा भाऊ आहे. माझी आई लाजेनं झाकून राहिली.”

तिनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. “बघ,” ती आईला म्हणाली. “बघ, मी म्हन्लं न्हवतं?” मग उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “तुमी शब्द दिला होता. माणसं न्हाईत तुमी.”

“नाही तर नाही,” मी म्हटलं. “शिव्या मला दे, पोटभर दे. पण गोळी आण. माझ्यासमोर घे.”

“तुमच्या हातची न्हाई घेत.”

“आशाताईच्या हातची घे. माझं तोंडसुद्धा बघू नको. मॅडमवरचा राग गोळीवर कशाला काढतीस? गोळीनं काय केलंय तुझं?”

ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, “घे गं पोरी, रागानं घे, पर घे.” तिनं घेतली. माझ्याकडं रोखून बघत, एकेक करून सगळ्या, पाण्याच्या घोटाबरोबर. इतक्या रागानं कुणी औषध घेतलेलं मी आजवर बघितलं नाही. आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

मग जे व्हायचं ते झालं. बातमीला पाय फुटतात म्हणतात, माझ्या बातमीला तर चाकं लागली. ‘खोकल्याच्या मॅडम रोग सांगत फिरतात.’ पुढच्या फेरीला डब्या रिकाम्या आल्या. “आमच्यात कुणी खोकत न्हाई,” असं दारातूनच सांगायचे. एका गल्लीत मी शिरले तेव्हा तीन-चार घरांतून खोकल्याचा आवाज येत होता. जसजशी पुढं गेले तसतशी एकेका घरातली खोकणारी थांबत गेली. एका दारामागं कुणीतरी तोंडात पदर कोंबून उबळ दाबत होतं, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी त्या दारापुढं उभी होते आणि आतली बाई गुदमरत होती. मीच तिथून निघाले, तिला मोकळं खोकता यावं म्हणून.

साहेबांपर्यंत तक्रार गेली. ते हिंगोलीला आले, समोर बसवून विचारलं, “तुम्ही सांगितलं होतं का?”

“नाही.”

“मग गावात सांगितलं असं का म्हणालात?”

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण ते देता येत नव्हतं. कारण ते खरं की खोटं हे तपासायला कुणीतरी त्या पोरीच्या दारात जाऊन उभं राहिलं असतं. मी मूग गिळून बसले. वाईट त्यांनाही वाटलं असेल. मला गावांतून काढून हिंगोलीच्या तपासणी केंद्रात बसवण्यात आलं, आणि लेखी ताकीद मिळाली: त्या गावातल्या कुणाही माणसाबद्दल, कुणाशीही, चांगलं वा वाईट, एक अक्षर बोलायचं नाही. बोललात तर काम सोडावं लागेल. बाहेरच्या नोकरीचे दोन अर्ज केले, दोन्हीकडं आमच्याच साहेबांचं मत मागवलं. म्हणजे तो रस्ताही बंद.

तेव्हापासून मी त्या खोलीत बसते. एक खिडकी, तीही गुदामाच्या भिंतीवर उघडणारी. डब्या येतात, त्यांच्यावर आकडे असतात, नावं नसतात. त्या पट्ट्यातून फार कमी येतात, आणि येतात तेव्हा रोग पार पुढं गेलेला असतो. आई घरी अजून सरळ बोलत नाही, भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणते, “सांगायची परवानगी असंल तर सांग.” भावाचं दुसरीकडं ठरलं. मी लग्नात मिरवले, फोटो काढले, सगळं केलं.

गोळ्यांचा कोर्स संपल्यावर शेवटची तपासणी करावी लागते. त्यासाठी ती हिंगोलीला आली, आईला घेऊन. मला वाटलं होतं, येणार नाही. अंगानं भरली होती, वेणी घातली होती. माझ्याशी न बोलता डबी ठेवली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. मी स्वतः तपासलं. काही नव्हतं. छातीचा फोटो बघितला, तोही स्वच्छ. इतका आनंद मला माझ्या कुठल्याही पदवीनं दिला नव्हता. मी दोघींना आत बोलावलं.

“बरी झालीस,” मी म्हटलं. “पूर्ण. संपलं सगळं.”

तिनं रिपोर्ट हातात घेतला, पुन्हा पुन्हा वाचला. तिच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, आता उठतील आणि जातील.

“हे सांगा मग,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“समद्याला. तुमच्या आईला सांगा, मामाला सांगा, आमच्या गल्लीत येऊन सांगा. ते सांगितलं तसं हे बी सांगा.”

“तूच सांग ना. कागद आहे तुझ्या हातात. दाखव.”

“माझं कोन ऐकतंय, मॅडम? मला रोग हाय म्हन्लं तवा समद्यायला खरं वाटलं. आता बरी झाले म्हन्लं की म्हंतेत, झाकून राहिली. तीन स्थळं आली आन् गेली. तुमी एकदा म्हन्लं तर लोक ऐकतीन.”

“मला सांगता येत नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. “बंदी आहे मला. लेखी बंदी आहे. तुझ्याबद्दल कुणाशी एक शब्द बोलायचा नाही मला.”

तिनं कागदाची घडी घातली. रागावलीसुद्धा नाही. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, “तवा न्हवती का बंदी?”

खरं सांगायला मी तोंड उघडलं. मातीत जाईस्तोवर माफ करणार नाही म्हणालेली तिची आई तिच्या शेजारीच उभी होती.